नावाखाली बसणारा माणूस

१४ जुलै, सोमवार

आज सकाळी लिंगपूजा आटोपून रोजच्यापेक्षा लवकर दुकानात गेलो. शटर अर्धंच वर केलं, वाकून आत शिरलो, स्टुलावर चढलो आणि भिंतीवरचं माझं फार्मासिस्टचं सर्टिफिकेट खाली काढलं. फ्रेमच्या मागं पालीनं अंडी घातली होती. तेवढ्या जागेत भिंतीचा मूळचा पोपटी रंग तसाच होता. बाकीची भिंत कधी मळकी झाली, इतकी वर्षं तिच्यासमोर बसून मला कळलं नाही.

कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून ते स्कॅन करून घेतलं आणि थोरले भाऊ अण्णा यायच्या आत परत टांगलं. अण्णा आले, उदबत्ती लावली, वर बघितलं. म्हणाले, "वाकडं झालंय की." स्टुलावर चढून स्वतःच सरळ केलं. का वाकडं झालं ते विचारलं नाही. सुटलो.

मला फार्माकॉलॉजीत एम. फार्म. करायचं आहे. हे वाक्य आज पहिल्यांदा कागदावर उतरलं. औषध शरीरात गेल्यावर नेमकं काय करतं, कुठं जातं, का त्रास देतं, याचा तो अभ्यास. मी एकोणपन्नास वर्षांचा आहे.

कारण साधंच आहे. मागच्या वर्षी अण्णांना हार्टचा त्रास झाला आणि गोळ्या सुरू झाल्या. एक दिवस जेवताना ते म्हणाले, "ईरप्पा, भाकरी मातीसारखी लागती. तुला एवढा शिकवला, सांग की असं का?" मी गोळीच्या खोक्यातला कागद उलगडून वाचला. 'काही रुग्णांमध्ये चवीत बदल संभवतो.' अण्णा म्हणाले, "ते कागद सांगतोय. तू काय सांगतोस?"

मी कागदाची घडी घालून तो परत खोक्यात ठेवला. अण्णांनी स्वतः दहावीनंतर शाळा सोडली, चादरीच्या कारखान्यात काम केलं आणि मला अक्कलकोटकडच्या आमच्या गावातून उचलून बी. फार्म. केलं. मग सोलापुरात, बाळीवेशीत हे दुकान काढलं. दुकान अण्णांचं, पण औषधं विकायचा परवाना माझ्या सर्टिफिकेटवर उभा आहे. ते सर्टिफिकेट असलेला माणूस दुकानात हजर हवा, असा कायदा आहे. मी दिवसभर कॉलेजात गेलो तर दुकानाचं काय, हा प्रश्न आला की मी कागदपत्रांचा विचार करायला लागतो. आधी कागदपत्रं.

१६ जुलै, बुधवार

प्रवेशाची वेबसाईट चालत नाही. फोटो मोठा आहे म्हणाली. लहान केला तर अंधुक आहे म्हणाली. मोबाईलवर आकडा येतो, तो टाकेपर्यंत मुदत संपते. बायको, श्रीदेवी, भाजी निवडत बघत होती. "चिडू नका, ती मशीन आहे. तिला तुमचं वय ठाऊक न्हाय."

आणि मग, मान वर न करता, "अण्णांना सांगितलं का?"

म्हटलं, फॉर्म तर भरू दे. सीट मिळायचं नाव नाही आणि आधीच गाजावाजा कशाला.

मे महिन्यात प्रवेश परीक्षा दिली तेव्हाही अण्णांना लग्नाला जातो म्हणून सांगितलं होतं. बरे मार्क पडले. ते फक्त हिला माहीत आहे.

१९ जुलै, शनिवार

कोर्टाच्या आवारात गेलो. शिक्षणात खंड पडला असेल तर त्याचं प्रतिज्ञापत्र लागतं. टायपिस्ट पोरगा पटापट बोटं चालवत होता.

"गॅप किती, एक वर्ष का दोन?"

"सत्तावीस."

त्याची बोटं थांबली. शेजारच्या टायपिस्टला म्हणाला, "मामा, ह्यांचा गॅप माझ्यापेक्षा मोठा हाय." आजूबाजूचे सगळे हसले. मीही हसलो, पण मनातून नाही. छापील मजकुरात असं होतं की या काळात मी कोणत्याही गैरकृत्यात सहभागी नव्हतो. वाचताना वाटलं, सत्तावीस वर्षं एकाच काउंटरमागं उभं राहिलो. गैरकृत्याला सवड कधी मिळाली?

दुपारी दुकानात अण्णांनी विचारलं, "कोर्टात काय काम होतं? निंगप्पानं बघितलं म्हणं तुला." निंगप्पा आमच्या शेजारचा भांडीवाला, त्याच्या पायाला सोलापूर अपुरं पडतं. मी म्हटलं, गावच्या जमिनीच्या उताऱ्याचं होतं. अण्णा "बरं" म्हणाले. उतारा कोर्टात मिळत नाही, हे अण्णांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. पण त्यांच्या लक्षात आलं नसावं.

२४ जुलै, गुरुवार

आजचा दिवस चिडण्यातच गेला. कागदपत्रं तपासायच्या केंद्रावर सकाळपासून रांग. पोरंपोरी आणि त्यांचे आईबाप. खिडकीतल्या बाईंनी फाईल घेतली.

"कॅन्डिडेट कुठाय?"

"मीच."

"नाही, मुलगा का मुलगी? त्यांची सही लागते, बाबांची चालत नाही."

"बाई, मीच आहे कॅन्डिडेट."

त्यांनी फोटो पाहिला, मला पाहिलं, आतल्या साहेबांना बोलावलं. साहेब भले गृहस्थ, पण त्यांनाही वाटलं मी चुकून आलोय. "काका, आता कशाला? ह्या वयात मुलांना शिकवायचं." मागून एक पोरगी म्हणाली, "सर, त्यांचं लवकर करा ना, आमची बस आहे." ते 'सर' मला होतं का साहेबांना, कळलं नाही.

शेवटी जन्मतारखेत खोट निघाली. शाळेच्या दाखल्यावर एक जून आहे. आमच्या गावच्या गुरुजींनी सगळ्या वर्गाचीच तारीख एक जून लावलेली. आधारवर खरी आहे, अव्वानं, म्हणजे आईनं सांगितलेली. म्हणजे खरी तारीख सांगितली म्हणून मी अडकलो. परत प्रतिज्ञापत्र, परत कोर्ट, परत तो टायपिस्ट.

घरी येऊन पाणीसुद्धा न पिता बसून राहिलो. देवा, तुझ्या दारात कुणी दाखला मागत नाही, एवढं एक बरं आहे.

२८ जुलै, सोमवार

श्रावणातला पहिला सोमवार. पहाटे सिद्धेश्वराला जाऊन आलो. तळ्याच्या कडेला थोडा वेळ बसलो. अण्णांना सांगायची ताकद दे, असं मागणार होतो. पण देवापुढं हात जोडल्यावर तोंडून आलं ते, वेबसाईट चालू दे. आपण काय मागतो आणि आपल्याला काय हवं असतं!

अण्णा आजकाल विचित्र वागतात. पेपर वाचून झाला की अर्धा दुमडून गल्ल्यावर टाकतात. आज वर प्रवेशाच्या वेळापत्रकाची बातमीच होती. मी घाईनं त्या पानात शेंगदाणे बांधून निंगप्पाला दिले. दुसरं म्हणजे, काव्याला रोज संध्याकाळी काउंटरला बसवायला लागलेत. काव्या अण्णांची मुलगी, मला चिक्कप्पा, म्हणजे काका म्हणते. डी. फार्म.ची परीक्षा झाली आहे, दवाखान्यात ट्रेनिंग चालू आहे. तिचं स्वतःचं सर्टिफिकेट यायला अजून काही महिने आहेत. दिवसभर राबून आलेल्या पोरीला हे पुन्हा उभं करतात. "चिक्कप्पाकडनं शिकून घे, सगळं विचारून घे," म्हणत राहतात. माझ्यावर लक्ष ठेवायला तर बसवत नाहीत ना, अशी शंका आली आणि मग स्वतःचीच लाज वाटली.

५ ऑगस्ट, मंगळवार

कॉलेजांचा पसंतीक्रम भरायचा होता. नाही भरला. मनात एक नवीनच गोष्ट आली. फार्माकॉलॉजीत उंदरांवर प्रयोग करावे लागतात. आपण गळ्यात लिंग बांधलेली माणसं, मुंगी पायाखाली येऊ नये म्हणून बघून चालायचं. हे आपल्याला झेपेल का? श्रीदेवीला म्हटलं, जिवाची हत्या करून ज्ञान घ्यायचं का, याचा विचार करायला हवा.

ती भाकरी थापत होती. थापता थापताच म्हणाली, "दुकानाच्या गोदामात उंदराचं औषध कोण ठेवतं?"

मी पाण्याचा तांब्या उचलला.

"उंदराच्या आडून अण्णांना भिऊ नका. उंदीर बिचारा हितं कुटं आलाय मधे?"

बायकोला आपण काय बोलतो ते नीट कळत नाही. मी जीवहत्येबद्दल बोलत होतो. तरी पसंतीक्रम भरला. प्रयोगांचं पुढं बघू, विचारून बघू, आजकाल पुष्कळ गोष्टी संगणकावर होतात म्हणे.

१३ ऑगस्ट, बुधवार

पहिली यादी लागली. नाव नाही.

वाईट वाटायला हवं होतं. पण दुकानात आलो, औषधांच्या खोक्यांवरची धूळ झटकली, दोन गिऱ्हाइकांशी गप्पा मारल्या. सुटल्यासारखं का वाटलं, कळेना. अण्णा म्हणाले, "आज तोंड का उतरलंय?" म्हणजे माझं तोंड उतरलेलं होतं. मग सुटलो काय म्हणतोय मी?

२२ ऑगस्ट, शुक्रवार

दुसऱ्या यादीत नाव आलं. बार्शी रस्त्यावरचं एक कॉलेज. एस.टी.नं रोज जाऊन येण्यासारखं.

श्रीदेवीनं देवापुढं साखर ठेवली. मग माझ्याकडे बघत उभी राहिली. मी म्हटलं, सांगतो. रविवारी सांगतो.

२४ ऑगस्ट, रविवार

सांगितलं.

दुकान दुपारी बंद करताना, शटर ओढायच्या आधी. किती महिने मनात घोळवलेली वाक्यं होती, त्यातलं एकही आलं नाही. म्हटलं, "अण्णा, मला शिकायला ॲडमिशन मिळाली."

अण्णा खुर्चीत बसले. "कवा सांगणार होतास?"

"फॉर्म भरून झाल्यावर म्हटलं..."

"निंगप्पाला कोर्टातनं कळलं. झेरॉक्सवाल्याला कळलं. काव्यानं यादीत तुझं नाव वाचलं, ती सकाळधरनं माझ्याकडं बघून हसतीय. रोज पेपर दुमडून तुझ्या नाकासमोर ठेवला मी, तू त्यात शेंगा बांधल्यास! सगळ्या बाळीवेशीला म्हाईत, आणि मी कोण? गिऱ्हाईक?"

मला जमीन दुभंगावी असं झालं.

थोड्या वेळानं अण्णांचा आवाज उतरला. "शिक की. मी कवा नको म्हटलं? तुला शिकवायला मी कुणाची परवानगी काढली होती?" मग वर बोट करून, "ते राहू दे हितंच. काव्याचं येईपर्यंत. कोण बघायला येतंय? सगळ्या गावात असंच चालतंय. माणूस एकीकडं, सर्टिफिकेट एकीकडं."

किती सोपं करून टाकलं त्यांनी. मी मान डोलावली. पायाच पडलो त्यांच्या.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

कॉलेजात जाऊन प्रवेश पक्का केला. एका हमीपत्रावर सही करायची होती. शिक्षण चालू असेपर्यंत मी अन्यत्र कुठेही कामावर हजर नाही, अशा अर्थाचं. पेन हातात धरून क्षणभर थांबलो. कारकून म्हणाला, "काका, वाचत बसू नका, सगळ्यांनाच द्यावं लागतं." केली सही.

म्हणजे आता मी कागदावर दोन ठिकाणी आहे. कॉलेजात दिवसभर, आणि दुकानात दिवसभर.

२ सप्टेंबर, मंगळवार

झोप नीट लागत नाही. म्हणून एक मार्ग काढायचा ठरवला. काव्याचं होईपर्यंत दुसरा फार्मासिस्ट ठेवायचा, खरा बसणारा. ओळखीतून तिघांना फोन केले. पहिला म्हणाला, "लावायला देतो की, कधी पाठवू?" म्हटलं, लावायला नको, बसायला हवं. "बसायला? मी नातेपुत्याला असतो." दुसऱ्याचं सर्टिफिकेट आधीच कुठंतरी लावलेलं होतं. तिसऱ्यानं मलाच विचारलं, "तुम्ही शिकायला जाताय ना, मग तुमचं रिकामं असेल. आमच्या मेव्हण्याला पाहिजे होतं."

अण्णांना सांगितलं तर हसत सुटले. "बघ! सगळे तुला वेड्यात काढतात, मी एकटाच शहाणा म्हणतो."

मी म्हटलं, "अण्णा, माणूस नसताना नाव लावणं म्हणजे लिंग नसलेली चांदीची डबी गळ्यात घालून फिरणं."

त्यांचं हसू गेलं. "मी तुला मोकळा सोडतोय ईरप्पा, आणि तू माझं दुकान बंद करायला निघालास? हितल्या गल्ल्यावरच घर चालतंय. तुझंबी, माझंबी."

त्यांचं चुकतंय असं म्हणता येत नाही. माझं बरोबर आहे असंही म्हणवत नाही. कदाचित हा माझ्या सचोटीचा ताठाच असेल. सत्तावीस वर्षं ज्यानं पोसलं, त्याच्या पोटावर पाय देऊन कुठलं पुण्य लागणार? सीट सोडून द्यावी, असं आज दिवसभर वाटत होतं. पण सोडलीही नाही.

९ सप्टेंबर, मंगळवार

कॉलेज सुरू झालं. पहिल्या दिवशी वर्गात शिरलो तर सगळी पोरं उठून उभी राहिली, "गुड मॉर्निंग सर." मी मागच्या बाकावर जाऊन बसलो तेव्हा एकच हशा झाला. आता मला काका म्हणतात. अभिमन्यू नावाचा शेजारी बसणारा मुलगा माझ्या वहीतून उतरवून घेतो, कारण माझं अक्षर चांगलं आहे.

औषध पेशीच्या दारावर कसं बसतं, हे मॅडमनी फळ्यावर काढून दाखवलं. रोज हातातून गेलेली गोळी, तिचं पुढं काय होतं ते पहिल्यांदा असं डोळ्यांसमोर आलं. पूजेत कधी कधी मन निवांत होतं, तसं काहीतरी झालं. पण एस.टी.त बसलो की परत भिंतीवरचं ते सर्टिफिकेट आठवतं. तीच ती कटकट. शिकायचा आनंदही धड मिळत नाही.

अण्णांनी जेवताना विचारलं, "चवीचं कळलं का?"

"अजून नाही. आताशी सुरुवात आहे."

"मग लवकर शिक. तवर माती खातो."

१२ सप्टेंबर, शुक्रवार

हे नीट लिहून ठेवतो.

आज प्रयोगशाळेत फोन खणात ठेवायचा नियम होता. सुटल्यावर बघितलं तर अण्णांचे पुष्कळ फोन येऊन गेलेले. परत लावला तर म्हणाले, "तू ये." एवढंच.

दुकानी पोचेस्तोवर दिवेलागण झाली होती. बाकावर सोनाबाई बसलेली. चार घरची धुणीभांडी करते, आमचं जुनं गिऱ्हाईक. सकाळी डॉक्टरनं साखरेची नवीन गोळी लिहून दिली. अण्णांनी चिठ्ठी बघून गोळ्या दिल्या. तिनं विचारलं, उपाशीपोटी घ्यायची का जेवून? डॉक्टरांनी काय सांगितलं ते विसरली होती. डॉक्टर तर गावाला निघून गेलेले. खोक्यातला बारीक इंग्रजी कागद अण्णांना वाचता आला नाही, आणि माहीत नसताना सांगायची त्यांची छाती झाली नाही. काव्या ट्रेनिंगला होती. म्हणाले, ईरप्पाला फोन लावतो, आत्ता सांगतो. फोन लागेना. सोनाबाई थांबली. जेवली तर गोळी वाया जाईल, गोळी खाल्ली तर जेवण चुकेल, या भीतीनं ना जेवली ना गोळी खाल्ली. अण्णांनी चहा दिला तोही घेतला नाही. नुसती बसून राहिली, सकाळपासून.

मी म्हटलं, "मावशी, जेवताना घ्यायची. पहिल्या घासाबरोबर."

"एवढंच व्हय?" ती म्हणाली. पदराच्या गाठीतली गोळी चाचपली. ओठ सुकले होते तिचे.

"एवढ्यासाठी थांबलात? दुसऱ्या दुकानात विचारायचं की."

"तितं कोण सांगतंय मला? आन् हितं तुमचं नाव हाय की भितीवर. म्हटलं, नाव हाय तर मानूस येईलच."

अण्णा गल्ल्यावर बसून ऐकत होते. माझ्याकडे बघितलं नाही. उठले, समोरच्या खानावळीतून भाजी-भाकरी आणली आणि सोनाबाईच्या मांडीवर ठेवली. ती जेवेपर्यंत आम्ही दोघं भाऊ तिथंच उभे होतो.

१३ सप्टेंबर, शनिवार

कॉलेजला गेलो नाही. दिवसभर दुकानात बसलो. संध्याकाळी पाटीवर सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'औषधविक्री काही काळ बंद राहील.' आणि पाटी काउंटरखाली ठेवून दिली. अण्णांनी ती पाहिली.

रात्री श्रीदेवीला म्हटलं, काही महिने ओढाताण होईल. ती म्हणाली, "माझी शिलाई मशीन आहे की. नुसती झाकून ठेवलीय."

१५ सप्टेंबर, सोमवार

पहाटे पूजा केली. आज काही मागितलं नाही.

दुकानात अण्णा माझ्या आधी येऊन बसले होते. औषधांची कपाटं झाकून कुलपं लावलेली. पुढच्या फळीवर साबण, टूथपेस्ट, लहान मुलांची पावडर, बिस्किटं ओळीनं मांडली होती. औषध प्रशासनाच्या कार्यालयात द्यायचा अर्ज मी खिशात आणला होता. आजपासून या दुकानात मी फार्मासिस्ट नाही, असा. त्यावर दुकानमालक म्हणून अण्णांची सही हवी होती. मी काही बोलायच्या आत त्यांनी हात पुढं केला, चष्मा शोधला, न वाचता सही केली.

"वाचा की अण्णा."

"तुझ्या पहिलीच्या फॉर्मवर सही केली तवाबी न्हवतं वाचलं."

मी स्टुलावर चढलो. स्टुलाचा एक पाय जुना, डुगडुगतो. आज तो हलला नाही. खाली बघितलं तर अण्णांनी दोन्ही हातांनी स्टूल घट्ट धरलं होतं.

फ्रेम काढून त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती छातीशी धरली, धोतराच्या सोग्यानं काच पुसली. भिंतीवर तो पोपटी चौकोन उघडा पडला. मी खिळा उपटायला गेलो.

"खिळा राहू दे," अण्णा म्हणाले. "काव्याचं लागंल."

अर्ज दुपारी जाऊन दिला. पोच घेतली. मग बार्शीची एस.टी. धरली.